टायरवरचं चंदन

आयुधपूजेच्या सकाळी हिने गाडीच्या पुढच्या डाव्या टायरवर चंदनाचा टिळा लावला आणि तो आमच्या डोळ्यांदेखत खाली घसरत आला. आधी वाटलं, चंदन पातळ झालं असेल. तिने पुन्हा घट्ट कालवलं, अंगठ्याने दाबून लावलं. तेही सरकलं. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही तसं त्या टायरवर काहीच ठरत नव्हतं. कुंकवाचा तर नुसता तेलकट लाल डाग पसरला. शेवटी तिने टायरचा नाद सोडला, बॉनेटवर टिळा लावला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाली, "तुमची गाडी पूजा करून घेत नाही बघा."

हे 2022 सालचं. गाडी घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. जुनीच, पण आमच्यासाठी पहिली. विकणाऱ्याच्या अंगणात ती उभी होती तेव्हा तिचे टायर असे काळेभोर चमकत होते की हिला त्यातच गाडीची तब्येत दिसली. मलाही दिसली, खोटं कशाला बोलू.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत उमेदवारी केली आणि पोटापाण्यामागे फिरत गुम्मिडिपूंडीत आलो. गावाकडे मी "चेन्नईला असतो" असंच सांगतो, कारण गुम्मिडिपूंडी म्हटलं की समोरचा दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा विचारायला लाजतो. चेन्नईच्या उत्तरेला पंचेचाळीसेक किलोमीटर, जिल्हा तिरुवल्लूर. थोडं पुढे गेलं की आंध्र प्रदेश लागतो. सेंट्रलहून निघणाऱ्या बऱ्याच लोकल इथंच येऊन संपतात. बाजूने कोलकात्याचा हमरस्ता जातो आणि त्याला लागून सिपकॉटची औद्योगिक वसाहत, म्हणजे आपल्याकडच्या एमआयडीसीची इकडची बहीण. भट्ट्या, रोलिंग मिल, स्पंज आयर्न. मी एका रोलिंग मिलमध्ये गुणवत्ता खात्यात आहे. आमच्याकडे सळई होते.

टायरची गोष्ट सांगताना हे सगळं सांगायचं कारण इथली धूळ. लाल तापलेलं लोखंड रोलांमधून जाताना त्याच्या अंगावरून खपल्या पडतात, त्यांना आम्ही मिल स्केल म्हणतो. ट्रक त्यावरून जातात, त्यांचं पीठ होतं, वारा ते उचलतो. त्यात कोळशाची भुकटी, राख, हमरस्त्याची माती. संध्याकाळी गाडीच्या काचेवर बोट फिरवलं की बोट करडं होतं आणि पाऊस शिंपडून गेला की तीच धूळ तांबूस पडते. अशा गावात गाडीच्या चाकाला तेलकट चमक लावणं म्हणजे धुळीला पाट मांडून बोलावणं.

पूजा झाली आणि चौथ्या दिवशी ते काळेभोर टायर शेणाने सारवल्यासारखे दिसायला लागले. चमकेवर धूळ बसली, धुळीवर दमट हवा बसली आणि सगळ्याचा मिळून एक लेप झाला. बोट लावलं तर बोटाला चिकटला. शिवाय मागच्या दरवाजाच्या खालच्या बाजूला काळे ठिपके ओळीने उडालेले होते. चाक फिरलं तसं पॉलिश भिरकावलं गेलं होतं.

इकडे गाडी धुण्याच्या दुकानावर "वॉटर वॉश" अशी पाटी असते. धुण्यात पाणी असणारच, मग वेगळं सांगायची काय गरज, हा प्रश्न मी सात वर्षांत कुणाला विचारलेला नाही. आमच्या वॉटर वॉशवाल्याकडे बिहारमधून आलेला एक आणि इथलाच एक अशी दोन पोरं कामाला होती. धुणं झालं की इथला पोरगा डब्यात फडकं बुचकळायचा आणि चारही टायर मिनिटभरात चकाचक करून द्यायचा. "टायर पॉलिश फ्री, सार." पूजेच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे रांग होती आणि त्यानेच माझ्या टायरला दोन हात जास्त मारले होते, सणाचे म्हणून.

पुढच्या वेळी मी घरून वाक्य पाठ करून गेलो. शेजाऱ्यांनी शिकवलं होतं. "करुप्पा इरुक्कणुम, आना पळपळन्नु इरुक्कक्कूडादु." काळं असायला हवं, पण चमकायला नको. तमिळमधलं हे पळपळ म्हणजे आपलं चकचक. मी नवीन होतो तेव्हा दुकानदार "पळपळन्नु" म्हणाला की मला वाटायचं हा कुणाला तरी पळायला सांगतोय. पोरगा माझं वाक्य ऐकून हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, असं होत नाही सार. पॉलिश लावलं की चमकतं, नाही लावलं की पांढरट दिसतं. मधलं काही नाही. पॉलिश लावू नको म्हटलं तर मालक ओरडेल म्हणाला. गाडी दुकानातून बाहेर पडताना टायर चमकला नाही तर बघणाऱ्याला ती धुतलीय हेच कळत नाही.

त्याचं बरोबरच होतं. टायर चमकवणं हा धुण्याचा पुरावा आहे, पावतीसारखा. पण मला पावती नको होती. मला काय हवं होतं ते मला एका टायरच्या दुकानासमोर उभं राहिल्यावर कळलं. बाहेर नवेकोरे टायर एकावर एक रचलेले होते. ना तेलकट, ना पांढुरके. पावसाळ्यात भिजून वाळलेल्या काळ्या पाटीचा रंग असतो तसा, खोल आणि मऊ. रबराचे बारीक केस अजून अंगावर. मी बराच वेळ बघत उभा राहिलो तर दुकानदाराने मापच विचारलं.

हा रंग घरी आणायचा कसा, यावर पुढचे कित्येक महिने गेले. सल्ल्याला तोटा नव्हता.

पहिला सल्ला ग्लिसरीनचा. औषधाच्या दुकानातून बाटली आणली, पाण्यात मिसळून लावली. दिसायला ठीक, थोडी चमक होतीच. पण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि चेन्नईच्या हवेत पाण्याला काय कमी. टायर वाळेचना. धूळ आणखी जोमाने बसली. वर ते पाण्यात विरघळणारं, त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या पावसात सगळं वाहून गेलं. इकडचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्याकडे दिवाळीचे दिवे लागतात तेव्हा.

दुसरा सल्ला आमच्या कारखान्याच्या ट्रकवाल्यांचा. डिझेल मारा, नाहीतर इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल. स्वस्त, आणि टायर काळा कुळकुळीत. हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्यांकडेही हे चालतं. मला शंका आली म्हणून प्रयोगशाळेत एक पोरखेळ केला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या, एक डिझेलमध्ये बुडवली, दुसरी ग्लिसरीनमध्ये. दोन दिवसांनी ग्लिसरीनमधली होती तशीच. डिझेलमधली फुगून रुंद झाली होती, लांबीलाही वाढली होती आणि दोन बोटांत धरून ओढली तर चिवटपणा गेलेला. रबर खनिज तेल पितं आणि सुजतं. टायरवर एक हात फिरवल्याने लगेच एवढं होत नाही हे खरं, पण दर आठवड्याला थोडं थोडं पाजत राहायचं कशाला? प्रयोगशाळेतल्या आमच्या सहकारी बाईंनी ती पट्टी कित्येक दिवस काचेच्या बाटलीत ठेवून दिली होती, वर माझं नाव लिहून.

तिसरं ज्ञान मिळालं ते रंगकाम करणाऱ्या एका उपकंत्राटदाराकडून. मी त्याच्या शेडपाशी गाडी लावली तर तो धावतच आला. गाडी बाहेर न्या म्हणाला, टायरला सिलिकॉन दिसतंय. या चमकदार पॉलिशमध्ये बहुतेक वेळा सिलिकॉनचं तेल असतं. त्याचा एक सूक्ष्म थेंब जरी रंगवायच्या पत्र्यावर गेला तर तिथे रंग धरत नाही, बाजूला सरकतो आणि गोल खड्डा पडतो. त्याला ते लोक फिश आय म्हणतात, माशाचा डोळा. मला हिचं घसरणारं चंदन आठवलं. कोडं तिथे सुटलं.

सिलिकॉनचं तेल रबराला डिझेलसारखं फुगवत नाही, हेही त्यानंतर वाचून समजलं. म्हणजे ते स्वतः काही खलनायक नाही. ते कशात कालवलंय आणि किती जाड बसलंय हा प्रश्न. एका प्रकारात ते पेट्रोलच्या भावंडांत, म्हणजे पेट्रोलियम द्रावकात विरघळवलेलं असतं. ते काचेसारखं पारदर्शक दिसतं, नाकाला झोंबतं, टायरवर जाड थर सोडतं आणि आरशासारखं चमकतं. दुसऱ्या प्रकारात तेच पाण्यात घुसळलेलं, दुधासारखं पांढरं. ते पातळ बसतं. ओल्या रस्त्यावर रात्री दिवे चमकतात आणि कोरड्यावर चमकत नाहीत, टायरच्या चमकेचाही तोच प्रकार. रबराच्या अंगावर बारीक खडबड असते. ती पॉलिशने भरून सपाट झाली की उजेड एकाच दिशेने परततो, त्याला आपण चमक म्हणतो. खडबड राहिली की उजेड विखुरतो आणि डोळ्यांना नुसतं काळं दिसतं. म्हणजे मला लावण्याचं कमी आणि पुसण्याचं जास्त काम करायला हवं होतं. पण हे डोक्यात शिरायला अजून एक फेरी व्हायची होती.

एका रविवारी लोकलने चेन्नईला गेलो. या लोकलचा रस्ता मला आवडतो. पोन्नेरी, मिंजूर, मग एन्नोरच्या खाडीवरून, पुढे तिरुवोट्रियूर. टायरचा नाद लागल्यापासून तिरुवोट्रियूर आलं की मी खिडकीबाहेर बघतो. 1946 मध्ये इथल्या एका शेडमध्ये के. एम. माम्मेन माप्पिळ्ळै यांनी मुलांच्या खेळण्यातले फुगे बनवायला सुरुवात केली. त्यातून 1952 मध्ये टायरला वरून चढवायचं ट्रेड रबर आलं, मग टायर. मद्रास रबर फॅक्टरी, म्हणजे एमआरएफ. क्रिकेटच्या बॅटवर हे नाव वाचत आपली एक पिढी मोठी झाली. फुग्यांपासून सुरुवात झाली होती हे मला चाळिशीत कळलं.

सेंट्रलला उतरून आधी सौकारपेटेत गेलो. तिथे विट्याकडचे गलाईवाले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली, तमिळनाडूतल्या कितीतरी गावांत त्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका आबांकडे मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. भाकरी मिळते आणि मराठी मिळते. मुशीपाशी बसून मी त्यांना टायरचं रामायण सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "पावनं, चमाक म्हंजी माल न्हवं." मग त्यांनी दाखवलं. खोटं मिसळलेलं सोनं तेजाबात शिजवून चांदी-तांबं काढून टाकलं की भांड्याच्या तळाशी जे उरतं ते तपकिरी असतं, ओल्या मातीसारखं. अनोळखी माणूस ते फेकून देईल. तेच मुशीत आटवलं की सोनं. "ह्ये बगा आन् सांगा, ह्यात चमाक कुटं हाय?" म्हणाले.

तिथून जनरल पॅटर्स रोड. चेन्नईत गाडीच्या साजशृंगाराची दुकानं इथं ओळीने आहेत. सीटकव्हर, पायपुसणी, कर्णे, डॅशबोर्डवर मान हलवणारे कुत्रे. मी "पाण्यातलं, पांढरं, कमी चमकणारं" असं तीन भाषांत मागत फिरलो. दोन दुकानदारांनी सगळ्यात जास्त चमकणारं पुढे केलं आणि अभिमानाने केलं. तिसऱ्याने खालच्या कप्प्यातून धूळ बसलेली बाटली काढली. हे कुणी नेत नाही, म्हणाला.

घरी येऊन धुतलेल्या टायरवर ते लावलं. भरपूर लावलं. आणि टायर चमकला. पहिल्याइतका नाही, पण जिथं जाड बसलं तिथं चमक, जिथं नाही तिथं पांढुरकं, मध्ये तपकिरी ओघळ. पट्टेरी वाघ बरा दिसतो. हिने बाल्कनीतून बघितलं आणि आत गेली. त्या न बोलण्याचा मला जास्त राग आला.

चूक कुठे होती? मी नवं औषध जुन्या घाणीवर लावत होतो. वॉटर वॉशवाला टायरवर फेस मारतो आणि पाण्याचा फवारा देतो, तेवढ्याने जुन्या पॉलिशचे थर निघत नाहीत. आणि तो तपकिरी रंग धुळीचा नव्हता, निदान सगळा नव्हता. तो टायरच्या पोटातून आलेला होता.

इथे थोडं रबराबद्दल सांगायलाच हवं, कारण ते कळल्यावर माझी चिडचिड गेली. रबर मुळात काळं नाही. झाडाचा चीक पांढरा, त्यापासूनचे सुरुवातीचे टायरही फिकट रंगाचे असत. मिशेलिन कंपनीचा तो टायरांच्या वळ्यांचा गुबगुबीत बाहुला 1898 पासूनचा, आणि तो पांढरा आहे याचं कारण हेच. पुढे रबरात काजळी मिसळायला लागले आणि ते कितीतरी पट टिकाऊ झालं. काजळी म्हणजे अक्षरशः काजळी. आई समईवर चांदीची वाटी पालथी धरून काजळ पाडायची, त्याच धर्तीवर जड तेल अपुऱ्या हवेत जाळून कारखान्यात ती काढतात. आमच्या गुम्मिडिपूंडीजवळ तेर्वाय कंडिगैच्या सिपकॉटमध्ये मिशेलिनचा ट्रक-बसच्या टायरांचा कारखाना आहे आणि त्याच वसाहतीत 2023 मध्ये काजळीचाही कारखाना सुरू झाला. म्हणजे मी ज्या काळ्या रंगामागे लागलो होतो तो माझ्या घरापासून थोड्या अंतरावर टनांनी तयार होतो.

काजळीबरोबर टायरमध्ये मेण घालतात आणि ओझोनपासून वाचवणारं रसायन घालतात, बहुतेक वेळा 6पीपीडी नावाचं. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. हे रसायन आणि मेण हळूहळू आतून वर येतात, मेण पृष्ठभागावर पडदा धरतं आणि रसायन स्वतः ओझोनच्या तोंडी जातं. जाताना ते तपकिरी होतं. चाक फिरतं, रबर दबतं-सुटतं, तसं मेण वर येत राहतं, म्हणून चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा टायर बरे राखते. टायरवरची ती तपकिरी झाक म्हणजे टायरने स्वतःला वाचवताना काढलेला घाम. ती दिसली की टायर खराब झाला असं नाही. याच 6पीपीडीची दुसरी बाजूही आहे. ओझोनशी संयोग होऊन त्याचं जे बनतं ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओढ्यांत कोहो जातीच्या सामन माशांना मारतं, हे 2020 च्या शेवटी तिथल्या शास्त्रज्ञांनी शोधलं. आमच्याकडचं पाणी पुलिकतच्या सरोवराकडे जातं. तिथे सामन नाहीत, पण तेव्हापासून टायर धुतलेलं पाणी मी गटारात सरळ सोडत नाही. मातीत ओततो. त्याने काय फरक पडतो, असं हिने विचारलंय.

तर एका रविवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, एका टायरचा नीट समाचार घ्यायचं ठरवलं. काथ्याचा ब्रश कठीण पडला, म्हणून नायलॉनचा आणला. गाडीच्या अंतर्बाह्य सफाईचं जे अल्कधर्मी द्रावण मिळतं ते पाण्यात पातळ करून टायरवर फवारलं, मिनिटभर थांबलो आणि घासलं. फेस आला तो चहाच्या रंगाचा. धुतला. पुन्हा फवारलं, पुन्हा घासलं. आता दुधाच्या चहाचा. तिसऱ्यांदा पिवळसर. चौथ्यांदा फेस पांढरा राहिला. ब्रशच्या त्या पांढऱ्या फेसाने मला जो आनंद झाला तो सांगून कुणाला पटणार नाही. बोट फिरवलं तर बोट करकरलं, ताट घासल्यावर करकरतं तसं.

आणि त्या स्वच्छ, कोरड्या, फिक्या टायरवर मला चिरा दिसल्या.

कडेला, रिमपासून दोन बोटांवर, केसाइतक्या बारीक. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ फाटतो तशी जाळी. पॉलिशच्या थराखाली त्या इतके दिवस बुजलेल्या होत्या. मी टायरवरचे आकडे शोधले. कडेच्या अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. 3115. म्हणजे 2015 च्या एकतिसाव्या आठवड्यातला टायर. दुसरा पुढचा टायरही तसाच. मागचे दोन बरेच नंतरचे निघाले. नक्षीची खोली चांगली होती, गाडी फार चाललीच नव्हती. विकणाऱ्याने "टायर नव्यासारखे" म्हटलं होतं आणि नक्षीपुरतं ते खरंही होतं. त्याच्या अंगणातली ती चमक मला पुन्हा आठवली. त्याला चिरा माहीत होत्या की नव्हत्या, कुणास ठाऊक. त्यानेही कदाचित नेहमीसारखं फडकं मारलं असेल. पण मी या गाडीतून हिला आणि पोराला घेऊन तिरुपतीला जाऊन आलो होतो, एप्रिलच्या उन्हात, शंभरच्या वेगाने. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

दोन नवे टायर घेतले. दुकानातल्या पोराने चाक बसवलं, नट आवळले आणि सवयीने फवाऱ्याची बाटली उचलली. "वेंडाम!" नको, असं मी इतक्या मोठ्यांदा ओरडलो की शेजारच्या चहावाल्याने वळून बघितलं.

त्यानंतर कामाची पद्धत बसत गेली. महिन्यातून एकदा टायर फेस पांढरा होईपर्यंत घासायचा. पूर्ण वाळू द्यायचा, घाई केली की ओल अडकते आणि पट्टे पडतात. मग ते पांढरं दूध जेवणाच्या चमच्याच्या अर्ध्याइतकं स्पंजच्या तुकड्यावर घ्यायचं, त्याहून जास्त नाही, आणि फक्त कडेच्या भिंतीवर चोळायचं. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर कधीच नाही, तिथे निसरडेपणा म्हणजे जिवाशी खेळ. दुचाकीच्या टायरला तर हे सगळं लावूच नये, कारण वळणावर ती कडेवर कलते. दहा मिनिटं थांबायचं आणि मग सुती फडक्याने पुसून काढायचं. हे पुसणंच महत्त्वाचं. पहिल्यांदा पुसताना वाटतं, आत्ताच लावलं ते सगळं काढतोय. काढायचंच असतं. जे रबरात बसलं तेवढं राहतं, वरचं फडक्यावर येतं, आणि टायर त्या दुकानासमोरच्या ढिगातल्यासारखा दिसतो.

एक अडचण मात्र शिल्लक होती. काळ्या टायरवर पांढऱ्या कडा उमटायच्या, घामाने शर्टावर उमटतात तशा. त्याचं कारण पाणी. मिंजूर-पोन्नेरीच्या पट्ट्यात भूजल उपसलं गेलं तसं समुद्राचं पाणी जमिनीत आत शिरलंय, ही कित्येक दशकांपासूनची गोष्ट. मिंजूरजवळ काट्टुपळ्ळीला 2010 मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला दहा कोटी लिटरचा, पण ते पाणी चेन्नईचं. आमच्या बोअरचं पाणी मचूळच, आंघोळीनंतर केस काथ्यासारखे होतात. ते टायरवर वाळलं की क्षार मागे राहतात. शेवटच्या धुण्याला गोडं पाणी हवं. टँकरचं पाणी टायरवर ओतायची हिंमत माझ्यात नाही, हिच्या देखत तर नाहीच. उपाय बाल्कनीतच होता. एसीच्या नळीखाली बादली ठेवली. हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं ते पाणी, त्यात क्षार नाहीत. चेन्नईच्या दमट रात्री एसी बादली सहज भरून देतो. शेवटचा हात त्या पाण्याचा. पांढऱ्या कडा गेल्या.

वॉटर वॉशच्या पोराला मी एकदा हे सगळं दाखवायला गेलो. त्याने वाकून टायर बघितला, नखाने खरवडला, वास घेतला. मग म्हणाला, नवा टायर आहे सार, म्हणून असा दिसतो. मी मागचे दाखवले. ते बघून तो थोडा गप्प झाला. एका टायरला पाऊण तास लागतो म्हटल्यावर हसला. चार टायर म्हणजे तीन तास, तेवढ्यात तो सहा गाड्या काढतो. त्याच्या जागी मीही फडकंच मारलं असतं.

2023 ची आयुधपूजा आली. कारखान्यात सकाळी यंत्रांची पूजा झाली, चुरमुरे-फुटाण्यांच्या पुड्या वाटल्या, फाटकाबाहेर कुंकू भरलेला कोहळा फोडला. आपल्या खंडेनवमीला एवढा दणका नसतो. दुपारी घरी आलो तर हिने झेंडूचा हार बॉनेटवर घातला होता आणि चंदनाची वाटी घेऊन पुढच्या डाव्या टायरपाशी बसली होती. मी काही बोललो नाही. तिने बोटाने टिळा लावला, त्यात कुंकवाचा ठिपका दिला. ती उठली, मागे सरकली, आणि आम्ही दोघांनी थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. टिळा जिथल्या तिथे होता. आरती होईपर्यंत वाळून फिका पिवळा झाला, त्या काळ्यावर छान दिसत होता.

मग मी गाडी सुरू केली आणि लिंबांवरून पुढे घेतली. फट्‌ फट्‌ आवाज झाले. उतरून बघितलं तर लिंबाच्या रसाची एक लांब चिळकांडी टायरवर, थेट टिळ्याच्या शेजारी उडाली होती.

"आता ते पुसत बसू नका," ही म्हणाली. फडकं माझ्या हातात होतं.